अंश आहे, छेद नाही

दोन भाषांच्या घरात म्हणीही दोन भाषांच्या असतात आणि एरवी त्या सुखाने एकत्र नांदतात. पण कधीकधी त्यांचे आपसांत जुंपते. मराठी म्हण विचारते, हातच्या कांकणाला आरसा कशाला? जे डोळ्यांना धडधडीत दिसते आहे, त्याला आणखी पुरावा कसला मागता? कन्नड म्हण नेमके उलटे बजावते, 'प्रत्यक्षवागि कंडरू प्रमाणिसि नोडु', म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेस तरी पडताळून बघ. सोयरीक जमवताना, सोने घेताना, वाण्याचे बिल तपासताना आपण सोयीप्रमाणे कधी ही, तर कधी ती म्हण पुढे करतो. या दोघींचे खरे भांडण मला दिसते ते मात्र क्रिकेटच्या मैदानावर, आणि तिथेही फलंदाजीत किंवा गोलंदाजीत नव्हे, तर क्षेत्ररक्षणात.

फलंदाजाने किती धावा काढल्या, किती चेंडू खेळले, हे धावफलक सांगतो. गोलंदाजाची षटके, त्याने दिलेल्या धावा, घेतलेले बळी, सारे लिहिलेले असते. गोलंदाज आणि यष्टिरक्षक सोडले तर उरलेले नऊ जण दिवसभर उन्हात उभे राहतात, धावतात, वाकतात, चेंडू फेकतात. त्यांच्या कामाची नोंद किती? झेल घेतला तर एक. पोटाशी आलेला अलगद चेंडू धरला तरी एक आणि जीव धोक्यात घालून धरला तरी एकच. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवने उलटे पळत जाऊन व्हिव्हियन रिचर्ड्सचा झेल घेतला. वाचकहो, त्या एका झेलाने विश्वचषकाचा अंतिम सामना फिरला हे आपण सगळे जाणतो. धावफलकावर त्याची नोंद एवढीच: झेल कपिल देव, गोलंदाज मदनलाल, धावा ३३. ज्याने तो सामना पाहिला नाही त्याला या ओळीतून काय कळणार?

मग आकड्यांवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? तीन नावे शेजारी ठेवून पाहू. मुंबईचा एकनाथ सोलकर: २७ कसोटी सामने, ५३ झेल. कर्नाटकाचा ब्रिजेश पटेल: २१ सामने, १७ झेल. दक्षिण आफ्रिकेचा जॉन्टी ऱ्होड्स: ५२ सामने, ३४ झेल. नुसता भागाकार केला तर सोलकर सामन्यामागे जवळजवळ दोन झेल घेतो आणि ऱ्होड्सच्या वाट्याला एकही पुरता येत नाही. म्हणून ऱ्होड्स सामान्य क्षेत्ररक्षक होता, असे म्हणायला कोणी धजेल का? ८ मार्च १९९२ रोजी विश्वचषकातल्या ब्रिस्बेनच्या सामन्यात त्याने चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि अंग झोकून इंझमाम-उल-हकच्या यष्ट्या उडवल्या. ते छायाचित्र किती घरांच्या भिंतींवर लागले होते! मुंबईकरांनी तर १४ नोव्हेंबर १९९३ ला ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने घेतलेले पाच झेल डोळ्यांनी पाहिले. एका एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षकाने घेतलेल्या झेलांचा तो विक्रम होता.

फरक जागेचा आहे. सोलकर उभा राहायचा शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी नाकासमोर. तिथे झेलच येतात. ऱ्होड्स पॉइंटला आणि ब्रिजेश पटेल कव्हरला. तिथे येतात ते मुख्यतः जमिनीवरून घरंगळणारे, सणसणीत चेंडू. तिथल्या क्षेत्ररक्षकाची खरी कमाई म्हणजे फलंदाजाने न घेतलेली धाव. 'तिकडे तो उभा आहे, नको रे बाबा' म्हणून जोडीदाराला हात दाखवून परत पाठवले, ती धाव. जी काढलीच गेली नाही ती कोणत्या रकान्यात लिहायची? गृहिणींना हे समजावून सांगायला नको. स्वयंपाक बिघडला तर त्याची चर्चा होते. रोज जो बिघडत नाही त्याची नोंद कुठल्या वहीत असते?

सोलकरची गोष्ट आपल्या सीमाभागाने जरा जवळून ऐकावी अशी आहे. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा हा मुलगा. १९४८ साली जन्मला, २००५ साली गेला. त्याच्या काळात शॉर्ट लेगच्या डोक्यावर हेल्मेट नसे. तो तिथे उभा राहायचा आणि चेंडू टाकायला असायचे बेदी, वेंकटराघवन आणि आपल्या कर्नाटकाचे प्रसन्ना आणि चंद्रशेखर. मराठी हात आणि कन्नड फिरकी अशी ती जोडी होती. फलंदाजाने चेंडू जपून खाली ठेवायचा म्हटला तर समोर सोलकरचे हात, आणि त्या हातांच्या धास्तीने बॅट पुढे घातली नाही तर चंद्राचा चेंडू थेट यष्ट्यांवर. दुसऱ्या प्रकाराने मिळालेल्या बळीत सोलकरचे नाव कुठेच येत नाही. गोलंदाजाच्या खात्यावर जमा झालेले किती बळी खरे म्हणजे शॉर्ट लेगचेही होते, हे कोणी मोजलेले नाही.

२४ ऑगस्ट १९७१. ओव्हलच्या मैदानावर अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळवला आणि मालिकाही जिंकली. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला होता. चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या डावाचा धावफलक एक-एक ओळ वाचून बघा. जेमसन धावबाद: एवढेच लिहिले आहे. प्रत्यक्षात लकहर्स्टने समोर मारलेला चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून दुसऱ्या टोकाच्या यष्ट्यांवर गेला आणि जेमसन रेषेबाहेर सापडला. चंद्राच्या सहा बळींत हा नाही. डॉलिव्हेरा झेलबाद, झेल बदली खेळाडूचा. तो झेल हैदराबादच्या जयंतीलालने घेतला, पण बदली खेळाडूचा झेल त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा होत नाही. आणि नॉट, झेल सोलकर, गोलंदाज वेंकटराघवन, १. पहिल्या डावात ९० धावा काढणारा हा नॉट टिकला असता तर चित्र वेगळे दिसले असते. सोलकरने पुढे झेप घेऊन, जमिनीला समांतर होऊन तो चेंडू उचलला. त्याच सोलकरने पहिल्या डावात ४४ धावा केल्या होत्या आणि ३ बळीही घेतले होते, त्यांची नोंद मात्र नीट, पुरेपूर आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग आकडे फेकून द्या, डोळे पुरेत. तसेही नाही. आकडा खोटे बोलत नाही, तो अर्धे बोलतो. यजुर्विंद्रसिंहाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या या खेळाडूने १९७७ च्या सुरुवातीला बंगळूरला, म्हणजे आजच्या बेंगळुरूला, इंग्लंडविरुद्ध पदार्पणाच्याच कसोटीत सात झेल घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. पुढे तो एकूण चारच कसोटी खेळला आणि त्याचे झेल झाले ११. भागाकार केला तर तो सोलकरच्याही पुढे जातो. पण चार सामन्यांवरून असा निवाडा कोणी करत नाही, कारण चार दिवस पाऊस पडला म्हणून दुष्काळ हटला असे आपण म्हणत नाही. क्षेत्ररक्षकाने एका कसोटीत घेतलेल्या झेलांचा तो विक्रम पुढे २०१५ मध्ये गॉलला आपल्या अजिंक्य रहाणेने आठ झेल घेऊन मोडला.

आता राहुल द्रविडकडे या. जन्म इंदूरचा, घर मराठी, वाढला बेंगळुरूत, म्हणजे आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातलाच म्हणायचा. १६४ कसोटींत २१० झेल. जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर जो रूटने २११ वा झेल घेऊन त्याला मागे टाकले, आणि बाद झाला तो कोण, तर बेंगळुरूत घडलेला आणि २०२४-२५ च्या मोसमात विदर्भाकडून रणजी करंडक जिंकलेला करुण नायर! द्रविडच्या २१० पैकी ५५ झेल एकट्या अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर आहेत. म्हणजे समोर कुंबळेसारखा गोलंदाज वर्षानुवर्षे असणे हेही त्या आकड्यात मिसळलेले आहे. आणि त्याहून महत्त्वाचे, त्याच्याकडे एकंदर किती झेल आले आणि किती सुटले, हे त्या आकड्यात नाही. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो. वर अंश, खाली छेद. क्षेत्ररक्षणाच्या नोंदीत वर अंश लिहिलेला असतो, खाली छेदच नसतो. परीक्षेत ४० गुण मिळाले असे मुलगा सांगतो तेव्हा प्रत्येक आई आधी विचारते, कितीपैकी? क्रिकेटच्या धावफलकाला हा प्रश्न विचारायला आपण विसरलो.

हा प्रश्न अमेरिकेत बेसबॉलवाल्यांना आपल्या आधी पडला. गंमत म्हणजे बेसबॉलचा धावफलक ज्याने एकोणिसाव्या शतकात रुळवला, तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटचा वार्ताहर. बेसबॉलमध्ये सीमेकडच्या मोकळ्या मैदानात तीन क्षेत्ररक्षक असतात. उंच उडालेला चेंडू जमिनीवर टेकण्याआधी गाठणे हे त्यांचे मुख्य काम. तिथे क्षेत्ररक्षकाच्या चुकाही लिहितात. हातात आलेला चेंडू सुटला की त्याच्या नावावर चूक पडते. वरवर पाहता आपल्यापेक्षा त्यांची व्यवस्था चोख. पण त्यात एक मोठी मेख आहे. जो जिवाच्या आकांताने पळत जाऊन चेंडूला हात लावतो आणि त्याच्या हातून तो निसटतो, त्याच्या नावावर चूक लिहिली जाऊ शकते. जो जागचा हलत नाही, चेंडू लांब पडलेला पाहतो आणि मग सावकाश उचलतो, त्याच्या नावावर काहीच नाही. त्याची वही कोरी करकरीत!

बिल जेम्स नावाच्या लेखकाने १९७० च्या दशकात प्रश्न उलटा विचारला. चुका किती केल्या हे सोडा, चेंडू किती गाठले ते मोजा. पुढे कॅमेरे आले. २०१५ पासून तिथल्या मोठ्या साखळीतल्या सगळ्या मैदानांवर चेंडू हवेत किती वेळ होता आणि खेळाडूला किती अंतर कापायचे होते, हे मोजणारी यंत्रणा बसली. अशा मोजमापांनी काही लाडक्या खेळाडूंची पंचाईत केली. डेरेक जेटर हा न्यूयॉर्कचा अत्यंत लोकप्रिय खेळाडू. तो लांबच्या मैदानातला नव्हे, जवळच्या फळीतला. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा मानाचा सुवर्ण हातमोजा त्याला पाच वेळा मिळाला. निवड करणारे होते प्रशिक्षक, म्हणजे जन्मभर खेळ पाहिलेली माणसे. हिशेब करणाऱ्यांनी मात्र दाखवून दिले की त्याच्या जागेवरचे इतर खेळाडू गाठत त्याहून कमी चेंडू तो गाठत होता. त्याचे उडी मारून फेकणे देखणे होते. पण जो चेंडू त्याच्यापासून दोन हात लांबून निसटून गेला, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाणार?

डोळा फसतो तो असा. उशिरा निघालेल्याला झेप घ्यावी लागते आणि आपण टाळ्या वाजवतो. चेंडू बॅटला लागण्याआधीच ज्याने एक पाऊल उचलले तो उभ्या-उभ्या चेंडू उचलतो, आणि आपण म्हणतो, सोपाच होता.

याचा पडताळा मला घेता आला तो बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडी गावात. माझी मावसबहीण तिकडे दिली आहे. तोही सीमाभागच, फक्त आपल्याकडे मराठीत सुरू झालेले वाक्य कन्नडमध्ये संपते, तिकडे ते हिंदीत संपते. तिचा मुलगा अकरावीत. गेल्या सुट्टीत गेले तेव्हा स्वारी रुसून बसली होती. निवड चाचणीचा अर्ज आला होता आणि त्यात धावा आणि बळी एवढेच रकाने होते. 'मावशी, मी तर फील्डर आहे. मी काय लिहू?' त्याच्या जोडीला खेळणारा दुसरा मुलगा अंग झोकून चेंडू अडवतो, म्हणून गावात त्याचे भारी नाव.

गावाबाहेर पीक निघालेल्या वावरात खेळ चालतो. एका अंगाला केळीचा मळा. चेंडू केळीत गेला की दोन धावा, हा गावचा नियम. मुलाच्या धाकट्या बहिणीची शाळेची वही घेतली आणि मी, ती आणि तिचे आजोबा असे आम्ही तिघे बांधावर बसलो. आजोबा म्हणाले, 'पोरी, नाव लिहू नको. आधी चेंडू लिही. सोपा, अवघड की अशक्य. मग अडला की नाही. मग धावा किती गेल्या. नाव शेवटी.' तीन दुपारी आम्ही असे लिहीत बसलो. 'अवघड' म्हणायचे की 'सोपा' यावर नात आणि आजोबा कितीदा तरी भांडले, आणि दोघांचे एकमत झाल्याशिवाय तिने पेन टेकवले नाही.

वही वाचली तेव्हा तिघेही गप्प झालो. झेप घेणारा मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या झेपांपैकी कितीतरी 'सोप्या' चेंडूंवर होत्या. आमचा भाचा तसेच चेंडू धावत जाऊन सरळ उचलत होता. म्हणजे त्याचे म्हणणे खरे होते. पण वहीने त्याचीही बाजू घेतली नाही. अडवलेल्या चेंडूंवरही फलंदाज त्याच्याकडे दुसरी धाव बिनधास्त घेत होते, कारण त्याची फेक हळू आणि उंच जायची. हे त्याला ठाऊक नव्हते आणि बघणाऱ्यांनाही जाणवले नव्हते. त्याचा चेहरा उतरला. मग दुसऱ्या दिवसापासून केळीच्या कडेला एक दगड उभा करून स्वारी फेकीचा सराव करू लागली. चाचणीत त्याची निवड झाली ती बदली खेळाडू म्हणून. ओव्हलचा जयंतीलाल मला आठवला तो तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, गावच्या खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर त्या अर्जात आहे. मोठ्या शहरातल्या मुलाकडे प्रशिक्षक असतो, मोठ्या सामन्यांना कॅमेरे असतात, चार जाणते लोक त्याला वर्षभर बघतात. २०२३ च्या विश्वचषकात तर भारतीय संघाचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक टी. दिलीप प्रत्येक सामन्यानंतर उत्तम क्षेत्ररक्षकाला पदक देत होते. आपल्या तालुक्यातल्या मुलाला निवडणारा माणूस मात्र त्याला अर्धा तास बघतो आणि बाकी कागदावर विसंबतो. कागदावर रकाना नसेल तर ते मूल नसल्यासारखेच. आणि मुलींचे काय? त्यांचे सामने आधीच कमी. बघायला येणारे त्याहून कमी. ज्यांचा खेळ कोणी पाहिलाच नाही, त्यांना 'डोळ्यांची साक्ष' कोण देणार? त्यांच्यासाठी नीट लिहिलेले एक पान हाच साक्षीदार.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे गल्लोगल्ली ज्या टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात, त्यांच्या आयोजकांना आणि शाळा-महाविद्यालयांतल्या क्रीडा शिक्षकांना माझे सांगणे आहे. गुणलेखकाच्या शेजारी आणखी दोन खुर्च्या टाका. एक वही ठेवा. तीत पाच रकाने आखा: चेंडू कुठे गेला, किती अवघड होता, अडला की नाही, धावा किती गेल्या, आणि शेवटी कोण उभे होते. दोघांनी मिळून ठरवायचे आणि पुढचा चेंडू पडण्याआधी लिहून मोकळे व्हायचे. घरी जाऊन आठवून लिहिले की आठवणीत झेपाच उरतात. एका सामन्यावरून कोणाला हुशार किंवा बिनकामाचा ठरवायचे नाही, निदान आठ-दहा सामन्यांची पाने जमू द्यायची. वही वाचल्यावर निवड करणाऱ्याने मैदानावर जाऊन त्या मुलाला पुन्हा डोळ्यांनी पाहायचे, कारण चेंडू पडण्याआधीचे ते एक पाऊल वहीत उतरत नाही.

या कामाला फार शिकलेले माणूस लागत नाही. खेळायला न मिळालेली धाकटी बहीण चालेल, गुडघ्यांनी जवाब दिलेले आजोबा चालतील. रकान्यांची नावे मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये. आपल्या घरात दोन्ही वाचता येतात. फक्त अंशाखाली छेद लिहायला विसरू नका.